शाळेला आई एकच लागते

परीझातला शाळेत घालायचं काम इतकं सोपं होतं की ते मी स्वतः हातात घ्यायलाच नको होतं. सोपी कामं मुलाला किंवा सुनेला सांगावीत. बिघडली तर बोलायला कुणीतरी हाताशी राहतं. पण तालाय, माझा मुलगा, नव्या इमारतींत फरश्या बसवायला जातो, आणि एल्नुरा, माझी सून, शिवणकारखान्यात. ऑगस्ट महिना, कारखान्यात शाळेच्या गणवेशांची घाई. शहरातल्या सगळ्या पोरांना शाळेत धाडायच्या गडबडीत तिला स्वतःच्या... इथे थांबते. शब्द चुकला, आणि सगळा घोटाळा याच शब्दात आहे. घरातल्या पोरीला शाळेत न्यायला तिला सुट्टी नव्हती, असं म्हणते.

शाळा सरकारी. सीमेपलीकडून आलेल्या कामगाराकडे कामाचा परवाना असेल तर त्याच्या स्वतःच्या मुलांना फी नाही. भाचे, पुतणे, शेजाऱ्यांची पोरं असतील तर फी. आणि फी एवढी की दर महिन्याला एक मेंढी विकावी. आमच्या मेंढ्या सीमेपलीकडे गावी, कोच्कोरला, माझ्या दिराकडे आहेत. मेंढ्या कुणाच्या यावर त्याचं आणि माझं एकमत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद. परवाना घरात एकटीकडे, एल्नुराकडे. तालायचा परवाना 'पुढच्या आठवड्यात' होणार असं त्याचा मुकादम पहिला बर्फ पडल्यापासून सांगतोय. माझा प्रश्नच नव्हता. मी बाजारात बोर्सोक तळून विकते. कणकेचे चौकोन तळायला माणसाला परवाना लागतो हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

फी लागली तर परीझातला कोच्कोरला पाठवायचं, हे ठरलेलं होतं. म्हणजे दिराकडे. म्हणजे माझ्या जावेच्या हाती, जी केस विंचरताना कंगवा मुळापासून ओढते. तेव्हा काय ते या शाळेतच व्हायला हवं होतं.

मी मखमली जाकीट घातलं, पांढरा रुमाल बांधला, पिशवीत कुरूत घेतलं. कुरूत म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या. माझं कुरूत टणक असतं. मऊ कुरूत आळशी बायका करतात. पोरीची वेणी घातली आणि निघालो. तालाय म्हणाला, "आपा, तिथे गेल्यावर जास्त बोलू नकोस." मी त्याला म्हटलं की मी कधी जास्त बोललेय.

शाळेच्या कचेरीत शोल्पान नावाची कझाक मुलगी बसते. नखं रंगवलेली, पण वागायला चांगली. बसा आपा, पाणी घ्या आपा, कागद द्या आपा. मला बरं वाटलं. खरं तर या शहरात आल्यापासूनच मला बरं वाटत होतं. बसवाला मला आपा म्हणतो, पोलीस आपा म्हणतो, बटाटे विकणारा आपा म्हणतो. आमच्या किरगीझ बोलीत आपा म्हणजे आई. मला वाटलं, लोकांना माणसाची पारख आहे. हे कझाक लोक पांढऱ्या केसांच्या कुठल्याही बाईला, आजीला, दारावर आलेल्या म्हातारीलासुद्धा आपा म्हणतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शोल्पानने जन्माचा दाखला पाहिला, एल्नुराचा परवाना पाहिला, यंत्रावर टकटक केलं. मग परीझातला विचारलं, "ही कोण गं?"

"आपा," परीझात म्हणाली.

शोल्पान हसली आणि आणखी थोडं टकटक केलं. म्हणाली, झालं आपा, फी काही नाही, फक्त आईला एकदा सहीला पाठवा, आणि एक तारखेला शाळा सुरू होते, नातीला बाईंसाठी फुलं देऊन घेऊन या.

काम संपलं होतं. मी पिशवी उचलून उठायचं होतं. दुसरी कुणीही उठली असती. पण ती 'नातीला' म्हणाली होती.

मी म्हटलं, "नात नाही. मुलगी."

आता हे समजून घ्यावं लागेल. आमच्याकडे थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजी-आजोबांचं. जन्माला येतं सुनेच्या पोटी, पण वाढतं आमच्या मांडीवर. परीझातचे चाळीस दिवस भरले तेव्हा एल्नुराने तिला दुलईत गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि चहा ओतायला गेली. माझा नवरा तेव्हा होता. त्याने दुआ मागितली. तेव्हापासून मुलगी माझी. माझ्या कुशीत झोपते, तिचे दुधाचे दात मी दोरा बांधून पाडले. मला ती आपा म्हणते. तालाय माझाच मुलगा, म्हणून तो तिचा दादा. दादाची बायको ती वहिनी. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. एल्नुराने कधी तक्रार केली नाही. सासूसमोर 'माझी मुलगी' म्हणायचं नसतं, तिने म्हटलं नाही. 'आपांची मुलगी जेवली का' असं विचारते. पुढचं मूल होईल ते तुझं, असं मी मोठ्या मनाने तिला सांगून ठेवलंय. अजून झालेलं नाही.

हे सगळं मी शोल्पानला सांगितलं, याहून सविस्तर. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग यंत्राकडे.

"आपा, तुमचं वय काय?"

हा प्रश्न विचारायची पद्धत असते. तिने ती पाळली नाही. मी म्हटलं, वय माझं आहे, तुझ्या यंत्राचं नाही. मग तिने परीझातला विचारलं, की मग ही एल्नुरा कोण. परीझातला उत्तर येत असलं की ती उभी राहून देते. शाळेत घालायच्या लायकीची आहे हे तिथेच दिसलं.

"वहिनी," ती उभी राहून म्हणाली.

शोल्पानने एक बटण दाबलं आणि बराच वेळ दाबून धरलं. म्हणाली, परवाना एल्नुराचा. मूल तिचं असेल तर फी नाही. मूल तिच्या नणंदेचं असेल तर फी आहे.

"नणंदेचं नाही," मी म्हटलं. "मूलच नणंद आहे."

याने बाजू बळकट होईल असं मला वाटलं होतं. शोल्पानचं डोकं दुखायला लागलं. मला तिची दया आली. मी कुरूत पुढे केलं, म्हटलं तोंडात टाक, बरं वाटेल. तिने टाकलं. कट्ट असा आवाज झाला. तिने गालावर हात ठेवला, आणि त्या दिवशी कचेरी लवकर बंद झाली.

आम्ही राहतो त्या वाड्यात चार बिऱ्हाडं आहेत आणि सल्ला सगळ्यांकडे आहे. जर्दाळू विकणारी उझबेक गुलबहोर माझी शेजारीण. ती म्हणाली, उल्कान, तू गप्प बसली असतीस तर. मी म्हटलं, हा सल्ला नाही, ही टिंगल आहे. घरमालक इस्खार दुंगान आहे, म्हणजे चीनकडून आलेल्या मुसलमानांपैकी, मिरच्या लावतो, आणि कोर्टाची पायरी चढलेला असल्यामुळे कायद्यातलं त्याला फार कळतं. त्याने सांगितलं की गोष्ट तोंडी बिघडली, आता लेखी सुधारायची. नोटरीकडे जा आणि मुलगी सुनेला दिली असं लिहून दे.

मी दोन दिवस इस्खारशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नोटरीकडे गेले.

नोटरी म्हणजे एक पोरगा निघाला, अत्तर लावून बसलेला. मी त्याला सांगितलं की मला मुलगी सोडल्याचं लिहून द्यायचंय, पण फक्त शाळेपुरतं. शाळा सुटली की ती परत माझी. सुट्टीच्या दिवशी माझी. उन्हाळाभर माझी. त्याने विचारलं, दत्तक घेतल्याचा कागद आहे का. मी म्हटलं, मांडीवर घेतलं होतं. कोणासमोर? मी म्हटलं, सगळ्या कोच्कोरसमोर, मेंढा कापला होता. तो म्हणाला मेंढ्याचा कागद चालत नाही. मग पेन खाली ठेवून अगदी गोड आवाजात समजावलं:

"आपा, कागदावर मुलगी तुमच्याकडे नाहीच. जे नाही ते सोडणार कसं?"

एवढं ऐकवायचे त्याने पैसे घेतले. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. माझे पाय दुखत होते. दुसरं काही नव्हतं.

मग तालाय म्हणाला, मी बाप आहे, मी जातो. तो स्वतःला बाप म्हणाला हेही मी ऐकून घेतलं, कारण फीचा प्रश्न होता. त्याने केसांतलं सिमेंट धुतलं, लग्नातला सदरा घातला आणि परीझातला घेऊन गेला. शोल्पानचा गाल सुजलेला होता. ती माझ्याविषयी काही बोलली म्हणे, तालायने सांगितलं नाही. तिने परीझातला विचारलं हा कोण, परीझात म्हणाली दादा. तालाय म्हणाला, दादा म्हणते, पण मी तिचा बाप आहे. यावर परीझात हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली. तिचाही दोष नाही. तालाय अजून पोरच आहे, त्याला काही कळत नाही, असं ती जन्मल्यापासून माझ्या तोंडून ऐकतेय. पोरीला पाणी पाजून गप्प करेपर्यंत शोल्पानने ठरवून टाकलं. म्हणाली, आई म्हणून आजी आली, बाप म्हणून भाऊ आला. आता मुख्याध्यापिका बघतील. परवानेवाली आली पाहिजे, आणि मुलगीही.

म्हणजे एल्नुराला अर्धा दिवस रजा, अर्ध्या दिवसाचा पगार गेला, आणि बोलणी मला, कारण घरात कुणी काही बोललं नाही. न बोलता बोललेलं मला बरोबर ऐकू येतं.

आदल्या संध्याकाळी तालीम घ्यावी असं गुलबहोरने सुचवलं. स्वतः जर्दाळू निवडत समोर येऊन बसली, जणू तमाशाला आली होती. एल्नुरा ओट्याशी शेवया कापत होती. मी परीझातला समोर उभी केली.

"शाळेत बाईंनी विचारलं, ही कोण, तर काय सांगायचं?"

"वहिनी."

"नाही. आई."

"आणि तू?"

"मी आजी."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी थट्टा करत नाही हे कळल्यावर तिचा चेहरा बारीक झाला. म्हणाली, "मग मी वहिनीजवळ झोपायचं?"

"नाही गं. फक्त शाळेत."

"शाळेत झोपतात?"

गुलबहोर हसली. मी तिला जर्दाळूंकडे लक्ष दे म्हटलं. परीझातने थोडा विचार केला आणि म्हणाली, "तुला आजी म्हटलं तर तू रागावशील."

मी म्हटलं, मी कशाला रागावेन. हे म्हणताना माझा चेहरा कसा होता ते गुलबहोरने नंतर वाडाभर करून दाखवलं. एल्नुराने मान वर केली नाही. पण त्या संध्याकाळी शेवया बोटभर जाड निघाल्या. एल्नुराच्या हातून असं कधी होत नाही. सगळ्यांनी निमूट खाल्ल्या.

मुख्याध्यापिका दामेली बाई. आखूड केस, छातीवर बिल्ला, खोलीत पंखा. शोल्पान त्यांच्या मागे गालावर रुमाल धरून उभी होती आणि माझ्या पिशवीकडे बघत होती. पिशवीत काही नव्हतं. मी हकीगत सांगायला तोंड उघडलं तसा बाईंनी हात वर केला.

"रीत मला शिकवू नका, आपा. माझी थोरली बहीण आजीकडे वाढली. अजून आईला वहिनी म्हणते, आणि दोघी पासष्ट-पंच्याऐंशीच्या झाल्यात." मग म्हणाल्या, की त्यांचा प्रश्न वेगळा आहे. गेल्या वर्षी एका बांधकामावरच्या बाईने एकाच परवान्यावर चार मुलं दाखल केली. चारीही पहिलीत, आणि त्यांतली दोन एकमेकांना ओळखतही नव्हती. वरून माणूस आला आणि बाईंना त्याची उत्तरं द्यावी लागली. म्हणून आता शंका आली की कागद पाहून भागत नाही. आईने समोर बसून, स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

मला हे योग्य वाटलं. कारभार असाच कडक असावा, फक्त तो दुसऱ्यांसाठी असावा.

बाई एल्नुराकडे वळल्या. "ही तुमची कोण?"

एल्नुराने माझ्याकडे पाहिलं. "आपांची..." म्हणाली आणि थांबली. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

मी म्हटलं, "सांग. मी सांगतेय ना, सांग."

"तुम्ही सांगताय हीच तर अडचण आहे," दामेली बाई म्हणाल्या. "सासूच्या हुकमावरून कुणी काहीही म्हणेल."

एल्नुराने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मी इतकी वर्षं तिला जे शिकवलं ते ती नीट शिकली होती. इतकी चांगली सून साऱ्या कोच्कोरात नसेल, आणि नेमकं त्या दिवशी मला थोडी वाईट सून चालली असती. तेवढ्यात परीझातला वाटलं की आपली पाळी आली. ती उभी राहिली, हात पाठीमागे बांधले, आणि एका दमात म्हणाली, "ही माझी आई आहे आणि ही माझी आजी आहे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर म्हटलं ना, आपा?"

शोल्पानने गालावरचा रुमाल तोंडावर घेतला. दामेली बाईंनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, मला वाईट वाटतं, पण असं असेल तर फी लावावी लागेल. हवं तर विचार करून परवा या.

परवा काय होणार होतं? परवाही मी इथेच बसले असते, एल्नुराने रुमालच गुंडाळला असता, आणि त्यानंतर कोच्कोरची बस. मला जावेचा कंगवा दिसायला लागला.

मी उठले. म्हटलं, या पंख्याचा वारा माझ्या गुडघ्यांना बाधतो, मी बाहेर बसते. बाई म्हणाल्या पंखा बंद करते. मी म्हटलं, नको, तुमच्या घामाची जबाबदारी मला नको. परीझात माझ्यामागे निघाली. तिला म्हटलं, तू इथेच. ती राहिली. एल्नुराने पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. सुनेने सासूच्या डोळ्यांत असं बघायचं नसतं. मी पिशवी उचलली आणि बाहेर आले.

बाहेर लहान पोरांचा बाक होता. त्यावर बसले तर गुडघे हनुवटीला लागले. एक बाई पोछा मारत होती. तिने पाय वर घ्यायला सांगितलं. मी म्हटलं याहून वर जात नाहीत. दार नवं रंगवलेलं होतं, फुगलं होतं, नीट लागत नव्हतं. मी कान दिला नाही. कान आपोआप तिकडे होता.

आधी नुसता पंखा ऐकू आला. मग बाईंनी तोच प्रश्न विचारला.

"माझी मुलगी आहे," एल्नुरा म्हणाली.

एवढ्याने काम झालं होतं. फी एकदा सांगूनच माफ होते. पण ती थांबली नाही. "माझी आहे. मी जन्म दिलाय. माझी मुलगी आहे ती." आणि परत एकदा, "माझी." इतकी वर्षं ही बाई माझ्या घरात चहा ओततेय, आणि तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. पोछेवालीने हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. विचारलं, आत कुणाचं भांडण चाललंय.

मी म्हटलं, भांडण नाही, पहिलीत नाव घालतायत.

मग शिक्का मारल्याचा आवाज आला. सरकारी शिक्क्याचा आवाज मला ओळखू येतो, त्याच्यामागे मी बरीच हिंडले आहे. शोल्पान काहीतरी म्हणाली, दामेली बाई काहीतरी म्हणाल्या, खुर्ची सरकली, आणि बराच वेळ कुणीच बाहेर आलं नाही. मी जाकिटाचं बटण लावलं. लावलेलंच होतं. काढून परत लावलं.

शेवटी दार ढकलून परीझात आली. ते तिने तसंच सताड उघडं टाकलं. माझ्याजवळ येऊन, मला गुपित सांगायचं म्हणून कानाशी तोंड आणलं, आणि सबंध शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आपा, वहिनी आत रडतेय."

मी म्हटलं, "आधी दार लाव."